पुतळीच्या गावी पाच तास

आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. सणावारी ती लुगड्यावरून रुळायची आणि आम्ही नातवंडे तिच्या मांडीवर बसून एकेक पुतळी बोटांनी चाचपायचो. नाण्यावर दोन आकृती, एक उभी आणि एक गुडघे टेकलेली. ‘हा राम आणि ही सीतामाई,’ आजी सांगायची. पुढे मोठेपणी वाचनात आले, की पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. १२८४ साली ते पहिल्यांदा पडले आणि १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवीपर्यंत पडत राहिले. मिरी-मसाल्यांच्या मोबदल्यात ते हातोहात हिंदुस्थानात यायचे. आपल्याकडे ते इतके रुजले, की सोनारांनी त्याच्या हुबेहूब नकला पाडल्या आणि बायकांनी गळ्यात घातल्या. आजीचा राम म्हणजे सेंट मार्क, आणि सीतामाई म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, ‘दोज’. आजीला हे सांगायचे धाडस मला शेवटपर्यंत झाले नाही.

तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात यजमानांनी युरोपच्या सहलीचे पैसे भरले, त्या वेळी माझे सारे लक्ष कार्यक्रमपत्रिकेतल्या एकाच ओळीवर होते : ‘दिवस सहावा, व्हेनिस.’ सॅन मार्को चौकाला लागूनच, पाण्याच्या काठावर तिथली जुनी टांकसाळ आहे. तिला ‘झेक्का’ म्हणतात. सोळाव्या शतकात सान्सोविनोने बांधलेली ही इमारत आता ग्रंथालयाकडे आहे. आजीच्या पुतळीचे माहेर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच माझी हौस.

आमचा मुक्काम व्हेनिसात नव्हता. तिथे उतरणे सहलवाल्यांना परवडत नाही, म्हणून आम्हांला पाडोव्हाच्या बाहेर हमरस्त्यावरच्या हॉटेलात ठेवले होते. सकाळी बसमध्ये आमच्या म्होरक्याने प्रत्येकाच्या मोबाइलवर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवले. ते म्हणे व्हेनिसचे तिकीट. २०२४ सालापासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, जो नुसता दिवसापुरता येतो त्याला ५ युरो भरावे लागतात. २०२५ पासून ऐन वेळी नोंदवले तर १०. “सर्कशीला तिकीट असते, नाटकाला असते, गावाला तिकीट प्रथमच पाहतो!” यजमान म्हणाले. मला पंढरपूरच्या जुन्या यात्राकराची आठवण झाली, पण सहावा दिवस वादात घालवायचा नव्हता. पहिल्या वर्षी अशा २९ दिवसांत चोवीस लाख युरोंच्या आसपास जमले म्हणतात. त्यामुळे गर्दी हटली, असे मात्र तिथले टीकाकार मानत नाहीत. आणि का हटावी? एवढे हजारो मैल उडून आलेला माणूस पाच युरोंसाठी परत फिरतो काय?

ट्रोंकेतोला बस सोडून आम्ही लाँचमध्ये बसलो. ज्युदेक्का कालव्यातून जाताना वाटाड्याने उजव्या-डाव्या हाताची देवळे दाखवली आणि मध्येच एका धक्क्याकडे बोट केले. २ जून २०१९ रोजी ‘एमएससी ऑपेरा’ हे सव्वा फर्लांगाहून लांब, म्हणजे पावणेतीनशे मीटरचे सफरी जहाज ताबा सुटून इथेच धक्क्यावर आणि तिथे बांधलेल्या एका प्रवासी बोटीवर आदळले होते. कल्पना करा : तीन-चार मजली घरांचे गाव आणि त्याच्या अंगणातून दहा-बारा मजल्यांची हवेली सरकत चाललेली! गावकऱ्यांनी ‘मोठी जहाजे नकोत’ म्हणून वर्षानुवर्षे होड्यांचे मोर्चे काढले होते. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना या कालव्यात बंदी झाली.

आता ती जहाजे कुठे गेली? काही शेजारच्या बंदरांत, आणि काही खाडीच्या दुसऱ्या अंगाला, मार्घेराच्या कारखान्यांजवळ, तेलवाहू बोटींसाठी खोदलेल्या खोल कालव्याने येतात. म्हणजे डोळ्यांआड झाली, खाडीआड झाली नाहीत. व्हेनिस उभे आहे ते चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. चिखलात हवा नाही म्हणून लाकूड शतकानुशतके कुजत नाही. पण बोटींच्या लाटा वरची वीट आणि चुना रात्रंदिवस चाटत असतात, आणि खोल कालव्यांतून समुद्राचा ओढा खाडीचा गाळ बाहेर नेतो. हे सारे मी अशा लाँचमध्ये बसून ऐकत होते, की जिच्या लाटा दोन्ही काठांवर फुटत होत्या.

सॅन मार्कोच्या चौकात काय पाहिले म्हणून विचाराल, तर पाठी पाहिल्या. आमच्या त्रेचाळीस जणांच्या दोन तुकड्या केल्या होत्या, कारण २५ हून मोठी टोळी न्यायला आता मनाई आहे, कर्णेही बंद. चौकात बसून डबा खाल्ला तर दंड, म्हणून पुलावाचे डबे आम्ही सकाळी बसमध्येच संपवले होते. एकूण काय, गावात आम्ही जेवणार नव्हतो, झोपणार नव्हतो. पाण्याच्या बाटल्यासुद्धा बसवाल्याच्या. काचेच्या कारखान्यात फुंकनळीचे काम पाहिले आणि आमच्यातल्या दोघींनी काचेचे हत्ती घेतले. मग म्होरक्याने जाहीर केले, “आता दीड तास मोकळा!” यजमान एका कट्ट्याच्या सावलीला उभे राहिले आणि मी म्हटले, आधी गल्ल्यांतून रिआल्टोच्या पुलापर्यंत जाऊन येते, मग निवांत टांकसाळ.

मर्चेरियेच्या गल्लीत माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला.

परगावी चप्पल तुटणे हे माणसाला किती दीन करते, ते ज्याची तुटली त्यालाच ठाऊक. पाय फरफटत मी चप्पल शिवून देणारा शोधू लागले. मुखवट्यांचे दुकान. आइसक्रीम. काचेच्या माळा. पुन्हा मुखवटे. चामड्याच्या पिशव्या इतक्या महाग, की आत जाऊन दोरा मागायची छाती होईना. सुई-दोऱ्याचे, खिळ्यांचे, किराण्याचे, असे घराला लागणारे एकही दुकान मला त्या वाटेवर दिसले नाही. शेवटी एका मुखवट्यांच्या दुकानातला पोरगेलासा विक्रेता माझी साडी पाहून हिंदीत म्हणाला, “क्या हुआ, दीदी?”

तो बांगलादेशचा. मुखवटे टांगायची बारीक तार काढून त्याने अंगठा चांगला आवळून बांधला. मी पैसे देऊ केले तर हात जोडले. इथे कुठे राहतोस, म्हणून विचारले तर हसला. “इधर कौन रहता है, दीदी? हम सब मेस्त्रे में.” मेस्त्रे म्हणजे पुलापलीकडचे, मुख्य भूमीवरचे शहर. सकाळी बसने यायचे, रात्री बसने जायचे. हे मुखवटे तरी इथले का? त्याने एक उलटा करून आतला शिक्का दाखवला : चीन. “पर टूरिस्ट सब उल्टा करके नहीं देखता.”

पुढे सॅन बार्तोलोमेओच्या चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लाल आकडे चमकताना दिसले. नाडीचे ठोके असावेत तसा तो आकडा तिथे २००८ सालापासून लावलेला आहे : आज या बेटात किती माणसे राहतात. १९५१ साली ती पावणेदोन लाख होती. आकडा लावला तेव्हा साठ हजारांवर, २०२२ च्या ऑगस्टात पन्नास हजारांखाली. आणि २०२३ साली तिथल्या चळवळ्यांनी मोजले, तर पाहुण्यांसाठीच्या खाटा गावात राहणाऱ्या माणसांहून जास्त भरल्या.

सगळे खापर पाहुण्यांवर फोडणे बरोबर नाही. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात १९४ सेंटिमीटर पाणी चढले आणि तळमजल्यावरची हजारो बिऱ्हाडे उठली. त्याआधीच तरुण लोक मार्घेराच्या कारखान्यांकडे आणि मेस्त्रेच्या कोरड्या, नव्या घरांकडे चालले होते. पण रिकामे झालेले घर पुन्हा बिऱ्हाडाला मिळत नाही, कारण पाहुण्यांना दिवसावर दिले तर जास्त येते. माणसे घटली की शाळा आणि किराणा घटतो, आणि किराणा घटला की उरलेली माणसे उठतात. पुराच्या पाण्याला अडवायला समुद्रात पोलादी दरवाजे झाले, ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते प्रथम उचलले आणि चौक कोरडा राहिला. हे दुसरे पाणी कोणत्या दरवाज्याने अडवावे?

बरे, व्हेनिसकरांना तरी किती दोष द्यावा आणि किती सहानुभूती? पंधराव्या शतकात जेरुसलेमच्या यात्रेकरूंना गलबतात घालून, जेवणाखाणासह ठरलेल्या रकमेत नेऊन आणण्याचा धंदा याच गावाने थाटला होता. आमच्या सहलीचे ते पणजोबाच म्हणायचे. पण यांची माणसे आली-गेली ती वेगळ्या चालीने. चेझारे फेदेरिची नावाचा इथला व्यापारी १५६३ साली निघाला, आपल्या चौलापर्यंत आला आणि अठरा वर्षांनी घरी परतला. मी त्याच्या गावाला पाच तास दिले होते, त्यातले अडीच संपले होते.

रिआल्टोच्या पुलावर पायरीपायरीवर माणसे एकमेकांची छायाचित्रे काढत थबकली होती. त्यांतून एक म्हातारी बाई चाकांची पिशवी एकेक पायरी वर ओढत होती. पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. “पेर्मेस्सो, पेर्मेस्सो,” म्हणजे वाट द्या, असे ती म्हणत होती. आवाजात रागही उरला नव्हता. मी पुढे होऊन पिशवीचा खालचा कान धरला. माथ्यावर पोचल्यावर तिने माझ्याकडे, साडीकडे, तारेने बांधलेल्या चपलेकडे पाहिले, काहीतरी बोलली आणि पलीकडे उतरून गेली. मला त्यातले अवाक्षर कळले नाही. खरे सांगायचे तर, तेवढ्यात माझ्याच मागच्या कोणीतरी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून मला बाजूला व्हायला सांगितले. त्याला छायाचित्र काढायचे होते आणि मध्ये मी होते.

परतताना वाट चुकले. टांकसाळीसमोर पोचले तेव्हा लाँच सुटायला सात मिनिटे होती. खडबडीत दगडांची, जाडजूड खांबांची इमारत. सोने ठेवायला बांधली आहे हे न सांगता कळावे अशी. आत वाचक बसतात म्हणे. मला दाराला हात लावण्यापुरताच वेळ होता, तो लावला. तोवर म्होरक्या छत्री उंच करून ओरडत आला, “मॅडम, चला, चला! तुमच्यापायी चाळीस माणसं खोळंबलीत!”

सांगलीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती चप्पल घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी तार उलगडून उजेडात धरली. “कुठं बांधली हो ही बाई? काम झ्याक केलंय.” मग चार टाके घातले, वीस रुपये घेतले, आणि तार मी मागितली म्हणून कागदाच्या पुडीत बांधून दिली.