बाहुलीच्या डोळ्यामागचा सांधा

हौसेने घडवलेल्या बाहुलीचा डोळा डावी-उजवीकडे फिरू लागला की करणाऱ्याला हुरूप येतो. मग तोच डोळा वर-खाली फिरवण्यासाठी दुसरी सर्वो मोटर जोडली जाते आणि घोळ सुरू होतो. डोळा मध्येच अडतो, मोटर आणि डोळा जोडणारी दांडी वाकते, मोटर कुरकुरते आणि तापते. बरेच जण अशा वेळी जास्त ताकदीची मोटर आणतात. दोष मात्र बहुधा दांडीच्या टोकाचा असतो. तिथली खीळ एकाच पातळीत फिरते, आणि डोळ्याला दोन अक्षांभोवती फिरायचे असते.

इथे बॉल जॉइंट लागतो. खुब्याच्या हाडासारखी वाटीत बसलेली गोल गोळी, त्यामुळे दांडी तिरकी झाली तरी जोर पोचतो. मोटारगाडीच्या स्टीअरिंगमध्ये हाच सांधा असतो, पण बाहुलीच्या डोक्यात मावेल एवढा लहान शोधायचा म्हणजे पंचाईत. गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यांत मोटर, चाक आणि दांडी एवढ्यावर बरेच काम भागते. मूर्तीचा हात एका रेषेत खाली-वर झाला तरी पुरतो. नजर फिरवणारा चेहरा करायचा तर जागा थोडी आणि सर्वो एसजी९० सारखी, जेमतेम ९ ग्रॅमची.

यंत्रसामग्रीच्या दुकानात हा सांधा ‘रॉड एंड’ म्हणून मागितला तर बहुधा जाडजूड लोखंडी वस्तू समोर येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्वो मिळेल. या सांध्यासाठी मात्र आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्या-हेलिकॉप्टरांचे सुटे भाग विकणारा दुकानदार गाठावा. त्याच्याकडे ‘बॉल लिंक’ मागायची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा कोन बदलणारी तबकडी सर्व दिशांना कलते, म्हणून तिथे हे प्लॅस्टिकचे चिमुकले सांधे वर्षानुवर्षे वापरात आहेत. बाहुलीवाल्याचे निम्मे काम हेलिकॉप्टरवाल्याने आधीच करून ठेवले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

खरेदी करताना दोन मापे सांगावी लागतात: गोळीचा व्यास आणि दांडीचे आटे. तामिया कंपनीच्या आरसी गाड्यांत ५ मिमीची गोळी सर्रास दिसते, हेलिकॉप्टरांत ४.८ च्या आसपासची. फरक नगण्य वाटतो, पण ४.८ ची गोळी ५ च्या वाटीत खुळखुळते. सर्वोच्या हाताची लांबी १० मिमी असेल, तर सांध्यातली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई जवळपास ३ अंशांची होते आणि बाहुली कुठे पाहते आहे तेच कळेनासे होते. गोळी आणि वाटी एकाच संचातली घ्यावी, हे बरे.

आटे लहान कामाला एम२ घ्यावेत. त्यांचा पिच ०.४ मिमी, म्हणजे लिंक एक फेरा फिरवली की दांडी तेवढीच लांब किंवा आखूड होते. दोन्ही डोळे एका रेषेत आणताना ही सोय अमोल ठरते. तारेला झेडसारखी घडी घालून केलेल्या दांडीत ती नसते. तरीही ती तार सरसकट टाकाऊ नाही. जबडा किंवा पापणी एकाच अक्षावर उघडत-मिटत असेल तर तीच स्वस्त, हलकी आणि पुरेशी. प्रत्येक टोकाला बॉल लिंक लावण्याचा सोस म्हणजे खर्चही वाढवायचा आणि ढिलाईही.

थ्रीडी प्रिंटर घरी असला की गोळीही छापून काढावीशी वाटते. पण नेहमीच्या ०.४ मिमी नोझलमधून निघालेल्या ५ मिमीच्या गोळीवर थरांच्या पायऱ्या उमटतात, आणि त्या वाटीत घासतात. म्हणून कवटी, कंस आणि डोळे छापावेत, गोळी विकत आणावी.

सर्वोच्या हाताचे भोक एम२ च्या स्क्रूला सहसा लहान पडते. ते १.६ मिमी ड्रिलने मोठे केले की स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडत घट्ट बसतो. लोखंडी स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो थ्रेडलॉक इथे लावू नये. काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.