नकारांतून घडलेला अल्बम

आपल्याकडे आर.ई.एम. हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांना ते ‘लूझिंग माय रिलिजन’मुळे ठाऊक आहे. केबल टीव्ही घराघरांत शिरू लागला त्या काळात त्या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर सारखा लागायचा. उदास खोली, खिडकीतून खाली पडणारं दुधाचं भांडं, पंख लावलेला म्हातारा. दिग्दर्शक होता जालंधरमध्ये जन्मलेला तरसेम सिंग. ते साल १९९१. पण रॉकच्या इतिहासात या बँडची जागा पक्की झाली ती त्याच्या आठ वर्षं आधी, पहिल्या अल्बमनं. ‘मर्मर’ १२ एप्रिल १९८३ रोजी बाजारात आला. त्याची गोष्ट सांगायची तर या चौघांनी काय केलं यापेक्षा काय करायला नकार दिला, तिथूनच सुरुवात करावी लागते.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. विद्यापीठ नसतं तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिथल्या वक्स्ट्री या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक काम करायचा. मायकल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी तिथे गिऱ्हाईक म्हणून यायचा आणि बकनं स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या रेकॉर्डच नेमक्या मागायचा. मग माइक मिल्स आणि बिल बेरी भेटले. हे दोघे मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे. बक गिटारवर, मिल्स बेसवर, बेरी ड्रम्सवर आणि गायला स्टाइप. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. पुढे ते चर्च पाडलं, शिखर तेवढं उभं राहिलं.

अथेन्समध्ये तेव्हा अशा मंडळींना तोटा नव्हता. द बी-फिफ्टी टूज तिथूनच निघून न्यू यॉर्कला गाजले होते आणि पायलॉन नावाचा बँड गावातले सगळे पाय थिरकवत होता. पुढे १९८७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड ठरवलं, तेव्हा बेरीनं हा मान खरा पायलॉनचा असल्याचं सांगून टाकलं. ही निव्वळ नम्रता नव्हती. मोठ्या शहरात न जाता, गावात राहूनच आपल्या पद्धतीचं वाजवता येतं, हे या मुलांनी पायलॉनकडे पाहूनच ओळखलं होतं.

पहिलं सिंगल ‘रेडिओ फ्री युरोप’ १९८१ मध्ये हिब-टोन या चिमुकल्या कंपनीनं काढलं. ध्वनिमुद्रण झालं नॉर्थ कॅरोलिनात, मिच ईस्टरच्या ‘ड्राइव्ह-इन’ स्टुडिओत. नाव भारदस्त असलं तरी हा स्टुडिओ म्हणजे ईस्टरच्या आईवडिलांचं गॅरेज. पहिल्या हजार प्रतींच्या छपाईत कंपनीचा पत्ताच द्यायचा राहिला. तरीही ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं वर्षातल्या उत्तम सिंगल्समध्ये त्याची गणना केली. मग माइल्स कोपलंडच्या आय.आर.एस. या कंपनीनं करार केला आणि १९८२ मध्ये ‘क्रॉनिक टाउन’ ही पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड आली.

पूर्ण अल्बमची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा झाली. कंपनीनं निर्माता सुचवला स्टीफन हेग. ‘कॅटापल्ट’ हे गाणं त्यानं त्यांच्याकडून मेट्रोनोमच्या ठोक्यावर पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं. प्रत्येक वेळी कुठेतरी खोट. सगळ्यांत खचला तो बेरी, कारण एवढ्या खेपा ठोक्याशी झुंजत ड्रम्स त्यालाच वाजवावे लागत होते. मग हेग टेप घेऊन बॉस्टनला गेला आणि बँडला न विचारता गाण्यावर कीबोर्ड चढवून आला. हेग काही कच्चा माणूस नव्हता. पेट शॉप बॉईजचं ‘वेस्ट एन्ड गर्ल्स’ त्याच्याच हातून घडलं आणि जगभर गाजलं. पण तो काळच इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा आणि चकाचक आवाजाचा, एमटीव्ही नुकतीच सुरू झालेली, आणि या चौघांना तर नेमकं तेच नको होतं. त्यांनी कंपनीला कळवलं, आम्हाला मिच ईस्टरच हवा.

कंपनी सावध होती. ईस्टर आणि त्याचा जोडीदार डॉन डिक्सन यांच्यासोबत आधी एक गाणं करून दाखवा, मग बघू, असं ठरलं. परीक्षेचं ते गाणं ‘पिल्ग्रिमेज’. ते ऐकल्यावर कंपनीनं होकार दिला, आणि १९८३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शार्लट शहरातल्या ‘रिफ्लेक्शन’ स्टुडिओत काम सुरू झालं. त्या स्टुडिओचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत.

सिंथेसायझर नको आणि गिटारच्या फुशारक्या नकोत, हे आधीच ठरलेलं होतं. त्या काळच्या रॉकमध्ये गिटारवादकानं अर्धा मिनिट पुढे सरसावून कसब दाखवणं जवळपास सक्तीचं होतं. बक तसं करत नाही. सुरावटीतले सूर सुटे सुटे छेडत तो गाण्याच्या अंगाखांद्यावर रेंगाळतो. त्यामुळे मोकळी झालेली जागा मिल्स घेतो. कितीतरी गाण्यांत खरी चाल बेसकडेच आहे. ईस्टर आणि डिक्सन ही मंडळी ढवळाढवळ करणारी नव्हती, पण खोडकर होती. ‘वी वॉक’मधला दूरचा गडगडाट म्हणजे बिलियर्डच्या चेंडूंची टक्कर ध्वनिमुद्रित करून मंद केलेली. मला विचाराल तर बारा गाण्यांतलं तेच सगळ्यांत हलकं. गडगडाट वजा केला तर हाती फारसं राहत नाही. ‘परफेक्ट सर्कल’ची गोष्ट वेगळी. बेरीच्या चालीवरचं हे गाणं, त्यात एक भारी ग्रँड पियानो आणि एक किंचित बेसूर जुना पियानो जोडीनं वाजतात. दोन्हींच्या सुरांत जो बारीक फरक पडतो, त्यातच त्या गाण्याचा सगळा जीव आहे. हे यंत्रावर केलं असतं तर कुणीतरी सूर ‘दुरुस्त’ केले असते.

आणि स्टाइपचा आवाज. तो जिन्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला न पडता गायला. शब्द अर्धे गिळलेले, वाक्यं तुटक. अल्बमसोबत गाण्यांचे शब्द छापले नाहीत. मुखपृष्ठावरही चौघांचे चेहरे नाहीत. आहे ती कुडझू वेलीनं गिळलेली दक्षिणेतली जमीन. ही वेल जपानची. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकेनं ती पाहिली आणि १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला सरकारनंच पैसे देऊन शेतकऱ्यांकडून लावून घेतली. मग ती कुणाला आवरेना. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीनं आपल्या डोंगरांवर केलं, तेच. मागच्या बाजूला गावातला जुना रेल्वेचा लाकडी पूल. पुढे तो पाडायची वेळ आली तेव्हा गावानं विरोध केला, कारण एव्हाना दूरदूरचे चाहते तो पाहायला येत होते.

खपाच्या हिशेबात ‘मर्मर’ची कामगिरी बेताचीच. बिलबोर्डच्या यादीत छत्तिसावा क्रमांक, वर्षअखेरपर्यंत सुमारे दोन लाख प्रती. पाच लाखांचा टप्पा ओलांडायला १९९१ उजाडलं. आणि तरीही ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला निवडलं. त्या वर्षीच्या शर्यतीत मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ होतं!

या रेकॉर्डला वाट मिळाली ती विद्यापीठांच्या रेडिओवर. विद्यार्थ्यांनी चालवलेली, जाहिरातदारांचा धाक नसलेली ही केंद्रं, आणि त्यांच्या मागोमाग व्हॅनमधून गावोगाव फिरणारा बँड. आज आपण ज्याला ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतो, त्याची अमेरिकेतली पायवाट याच मार्गानं पडली. पुढच्या पिढीतला रॉक गायक कर्ट कोबेन याला आर.ई.एम.बद्दल फार आदर होता, आणि तो केवळ गाण्यांसाठी नव्हता. यश मिळूनही स्वतःला न गमावण्याची त्यांची रीत त्याला हवीशी वाटत होती. पेव्हमेंट या बँडनं तर आर.ई.एम.वरच एक गाणं केलं. माझ्या मते या वारशातली सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे श्रेयाची वाटणी. ‘मर्मर’वर जवळपास सगळी गाणी चौघांच्या नावे समान आहेत, चाल कुणाचीही असो. बँड फुटतात ते बहुधा पैशांवरून. बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला, २०११ मध्ये उरलेल्या तिघांनी बँड संपवला, पण भांडण नाही. २०२३ पासून अभिनेता मायकल शॅनन आणि गिटारवादक जेसन नार्डूसी हा अल्बम मंचावर सादर करू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अथेन्सच्या ‘फॉर्टी वॉट’ क्लबमध्ये आले, तेव्हा चौघंही तिथे हजर होते.

आता पहिल्यांदा ऐकणार असाल तर इंटरनेटवर गाण्यांचे शब्द शोधत बसू नका. प्रत्येक ठिकाणी वेगळे सापडतात. ‘रेडिओ फ्री युरोप’ म्हणजे निव्वळ बडबड आहे, असं स्टाइपनं स्वतःच सांगून ठेवलंय. अल्बम त्याच गाण्यानं सुरू होतो, पण त्याचं १९८१ चं मूळ रूप जास्त जोरकस, हे बकचंही मत आहे. तेव्हा आधी ‘परफेक्ट सर्कल’ लावा आणि आवाज थोडा मोठा ठेवा.