उपासमारीचे तेल

जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि १९७३ च्या अरब तेलबंदीची धास्ती तेथील लोकांच्या मनातून अद्याप गेली नव्हती, अशा सुमारास, १९७८ साली, पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींपासून इंधन काढता येईल काय याचा छडा लावण्याचा एक उपक्रम त्या देशाच्या ऊर्जा खात्याने मंजूर केला. 'अ‍ॅक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम' असे त्याचे नाव. पुढे १९९१ साली जिला राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला, त्या कोलोरॅडोतील गोल्डन गावच्या सौर ऊर्जा संशोधन संस्थेकडे त्याचा कारभार सोपविला होता. सुमारे अठरा वर्षांत मिळून खर्च झाला तो अदमासे अडीच कोटी डॉलर. खात्याचा एकूण व्याप पाहता ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

प्रारंभीचे काम संग्राहकाचे होते. वाळवंटी प्रदेशातील खारट डबकी, समुद्रकाठच्या दलदली, हवाई बेटांचे किनारे धुंडाळून तीन हजारांहून अधिक सूक्ष्म शेवाळांचे वाण गोळा झाले आणि पारख करता करता त्यांतले सुमारे तीनशे उरले. त्यांत हिरवी शेवाळे आणि सिलिकेचे कवच धारण करणारे डायटम यांचा भरणा अधिक होता. पेशीत तेल किती साठले हे चटकन ताडण्यासाठी 'नाइल रेड' नावाच्या रंगाचा उपयोग होई. तो लावला की सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचे थेंब पिवळे सोनेरी चकाकत.

या पारखीतूनच आशेला उधाण आणणारी गोष्ट हाती आली. पाण्यातील नत्र संपले की काही वाणांत तेलाचे प्रमाण वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत चढे. त्याचे कारण असे की, नत्रावाचून प्रथिने व हरितद्रव्य घडत नाहीत, म्हणून पेशीचे विभाजन थांबते. परंतु सूर्यप्रकाश पडतच असतो, प्रकाशसंश्लेषणही काही काळ रेटले जाते, आणि पकडलेला कार्बन नव्या पेशी घडविण्याच्या कामी येत नाही तेव्हा तो स्निग्ध द्रव्याच्या रूपाने पोटात साठू लागतो. दुष्काळाची चाहूल लागताच पेरणी सोडून कणगी भरण्याच्या मागे लागलेल्या कुळवाड्याची रीत ती हीच. मात्र पेरणीच थांबली तर कणग्यांची संख्या वाढायची कशी? तेलाची टक्केवारी वाढते, पण शेवाळाची वाढ इतकी मंदावते की, तळ्यातून दिवसाकाठी निघणारे एकूण तेल वाढण्याऐवजी घटते. टक्केवारी आणि उत्पन्न या दोन निराळ्या बाबी असून एकीच्या मोबदल्यात दुसरी द्यावी लागते, हा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी स्वच्छपणे लिहून ठेवला. माझ्या मते या उपक्रमाची सर्वांत मोलाची मिळकत तीच.

डायटमांच्या बाबतीत सिलिका तोडली तरी तेल वाढे. तेव्हा 'सायक्लोटेला क्रिप्टिका' या डायटममध्ये चरबी तयार करण्याच्या पहिल्या पायरीवर काम करणाऱ्या विकराचे जनुक पॉल रोसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले, उपासमार न घडविता तेल वाढावे म्हणून तेच जनुक जादा प्रमाणात त्याच्या पेशींत घातले, आणि विकर वाढूनही तेल काही वाढले नाही.

प्रयोगशाळेबाहेरची कसोटी न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे लागली. हजार चौरस मीटरांचे, वीतभर खोलीचे, लंबवर्तुळाकार वळणांचे हौद, पाणी फिरते ठेवणारी वल्ह्यांची चाके आणि तळाशी सोडलेला कर्बवायू, असा तेथील सरंजाम होता. वायूचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शेवाळ पिऊन टाकी. ही बाजू उत्तम जमली. एखाद्या दिवशी चौरस मीटरमागे पन्नास ग्रॅम उत्पन्नही निघाले. परंतु वाळवंटातील रात्री गार, हिवाळा कडक. त्यामुळे वर्षभराची सरासरी दहा ग्रॅमच्या आसपासच रेंगाळली. प्रकाशाचीही अडचण निराळीच: पृष्ठभागावरच्या पेशींना भर दुपारचे ऊन पेलत नाही, ते वाया जाते, आणि त्यांच्याच सावलीत खालच्या पेशी अंधारात राहतात. शिवाय प्रयोगशाळेत लाडाने वाढविलेल्या तेलकट वाणांना उघड्या हौदात आगंतुक स्थानिक शेवाळे हुसकावून लावीत, म्हणून स्थानिकांनाच राबवावे, असा व्यवहारी सल्ला उपक्रमाच्या समारोपाच्या अहवालात दिलेला आढळतो.

१९९५ साली अंदाजपत्रक आकसले, तेव्हा खात्याने आपला कौल इथेनॉलच्या बाजूने दिला आणि पुढल्या वर्षी हे काम बंद झाले. समारोपाचा तो अहवाल जॉन शीहान आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सादर केला. त्यातील हिशेबाप्रमाणे, उत्पन्नाची गृहीते सढळ हाताने धरली तरी शेवाळाचे डिझेल त्या वेळच्या खनिज डिझेलपेक्षा दुप्पट महाग पडणार होते. राखून ठेवलेले वाण हवाई विद्यापीठाच्या हवाली करण्यात आले.