साथीदाराला कुठे उभं करायचं?

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभं राहिलं की पाण्यापलीकडे सिंहगड दिसतो आणि तानाजीची गोष्ट निघतेच. ती बखरीतली कमी, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली जास्त. जिजाऊ सारीपाटात कोंडाणा, म्हणजे हाच गड, मागतात, मुलाचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी निघतो, घोरपड कडा चढते. ४ फेब्रुवारी १६७० ही इतिहासाची तारीख, घोरपड शाहिराची.

ही गोष्ट रंगमंचावर आणायची तर सारीपाटाचा प्रवेश आयता आहे: दोन पात्रं, एक डाव, पणाला गड. अडतं ते घोरपडीपाशी. शाहीर डफावर थाप देतो, तिला साद घालतो, झीलकरी ‘जी जी’ करतात आणि ती चढते. पुठ्ठ्याच्या कड्यावर रबराची घोरपड ओढली की प्रेक्षागृहात हशा. आपले नाटककार मौखिक कथेतलं कथानक जपून उचलतात आणि हुंकार देणारा माणूस घरी ठेवून येतात. माझ्या मते निम्मी नाटकं तिथेच पडतात.

हैतीत तर हुंकाराशिवाय गोष्टच नाही: कथेकरी ‘क्रिक?’ विचारतो. जमलेल्यांनी ‘क्राक!’ म्हटलं तरच गोष्ट सुरू. नाही तर दुसऱ्याची पाळी. कथेतली गाणी सगळे मिळून म्हणतात. कॅरिबियन बेटावर घडणाऱ्या ‘वन्स ऑन धिस आयलंड’ (१९९०) या संगीतिकेने हा हुंकार देणारा मंचावर कसा आणायचा यावर छान तोड काढली: वादळाला घाबरलेली एक लहान मुलगी रंगमंचावरच बसवली आणि गावकऱ्यांनी गोष्ट तिला सांगितली.

आपल्या गोंधळ्याला ही युक्ती शिकवावी लागत नाही. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी आणि शेजारी भाबडे प्रश्न विचारणारा साथीदार. शाहीर विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ याच ठेवणीतलं. द्रौपदीचं मन कर्णावर जातं, कृष्ण ते ओळखतो. पुढे तोडलेलं जांभूळ फांदीला परत लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं, अशी अट पडते. व्यासांच्या महाभारतात हे नाही. पाच नवऱ्यांसमोर सहाव्याचं नाव घेणारी बाई हा विषय गद्य संवादांत मांडला असता तर प्रवचन तरी झालं असतं, नाही तर चावटपणा. इथे आख्यान लावणाराच द्रौपदी होतो, पुन्हा मागे सरून गोंधळी होतो, साथीदार मध्येच टोकतो, आणि त्या टोकण्यामुळे कबुली पेलते.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मधल्या, नटांनीच उभ्या केलेल्या ब्राह्मणांच्या भिंतीबद्दल एवढं लिहून झालंय की इथे थांबत नाही. ‘महानिर्वाण’ (१९७४) मात्र हुंकार देणाऱ्याला कुठे उभं करायचं या प्रश्नाला थेट भिडतं. सतीश आळेकरांनी लोककथा घेतलीच नाही, कीर्तन घेतलं, आणि कीर्तनकार मेलेला. भाऊराव स्वतःच्या मरणाचं आख्यान लावतात, त्यांना जुन्याच स्मशानात जळायचंय आणि ते तर बंद झालेलं. चाळकरी त्यांच्यामागे झील ओढतात आणि तेच तिरडीच्या तयारीलाही लागतात. श्रोत्यालाच कथेत कामाला लावलं की त्याला वेगळी जागा शोधावी लागत नाही.