वर्गांची बेरीज कुठवर पुरते?

पॉलिनोमियल ऑप्टिमायझेशन शिकायला येणारा एम.एस्सी.चा विद्यार्थी एक खात्री सोबत घेऊनच येतो: विकलज काढा, शून्य धरा, सर्वांत लहान किंमत उचला. ही खात्री पहिल्याच तासाला तपासायला हवी. क्ष² + (क्षय − १)² ही बहुपदी घ्या. तिचे विकलज एकाच जागी, आरंभबिंदूवर, शून्य होतात आणि तिथली किंमत १ आहे. पण क्ष लहान करत नेऊन य = १/क्ष ठेवला, तर किंमत शून्याच्या हवी तितकी जवळ जाते आणि शून्याला कधीच पोचत नाही. म्हणजे उत्तर १ नव्हे, आणि किमान किंमत देणारा बिंदूच अस्तित्वात नाही.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: बहुपदी अमुक किमतीच्या खाली जात नाही, याचा पुरावा देता येईल का? क्ष⁴ − ४क्ष + ३ = (क्ष² − १)² + २(क्ष − १)². वर्ग ऋण नसतात, तेव्हा क्ष⁴ − ४क्ष कधीच −३ च्या खाली जाणार नाही; क्ष = १ ला ती बरोबर −३ होते. हे वर्ग हुडकण्याचं काम सेमीडेफिनिट प्रोग्रॅमिंग (एसडीपी) करतं. १, क्ष, क्ष² या एकपदींवर ३×३ सममित मॅट्रिक्स मांडा: कर्णावर ३, २ट, १, कर्णाबाहेर −२, −ट, ०. ट काहीही घेतला तरी बहुपदी तीच राहते. अट एवढीच, की मॅट्रिक्सची एकही आयगेनव्हॅल्यू ऋण नको. निश्चयक येतो −२(ट − १)²(ट + २). कर्णामुळे ट ऋण चालत नाही, तेव्हा ट = १ हा एकच पर्याय उरतो. हे गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावंच.

इथून पुढचा गैरसमज जास्त खोल आहे: ऋण न होणारी प्रत्येक बहुपदी वर्गांची बेरीज असते. एका चलात (कोटी कितीही) किंवा कोटी २ असताना (चलं कितीही) हे खरं आहे, दोन चलांत कोटी ४ ला खरं आहे. बाकी सगळीकडे खोटं, हे हिल्बर्टने १८८८ मध्येच सिद्ध केलं. ठोस उदाहरण मात्र १९६७ मध्ये मॉट्झकिनने छापलं: क्ष⁴य² + क्ष²य⁴ − ३क्ष²य² + १. अंकगणिती मध्य भूमितीय मध्यापेक्षा कमी नसतो, म्हणून ही ऋण होत नाही. वर्गांत मांडायला जा, तर त्या वर्गांच्या आत १, क्षय, क्ष²य, क्षय² एवढ्याच एकपदी येऊ शकतात. क्ष²य² तयार होतं ते फक्त क्षय च्या वर्गातून, आणि तिथे सहगुणक −३ येणं अशक्य. तरी वाट बंद होत नाही. याच बहुपदीला क्ष² + य² + १ ने गुणलं, की वर्गांची बेरीज मिळते. चलांवर बंदिस्त मर्यादा असतील तर लासेरची २००१ मधली शिडी आहे: पायरीगणिक मॅट्रिक्स मोठी होते आणि खालची मर्यादा खऱ्या उत्तराकडे सरकते.

‘एसडीपी पॉलिनोमियल वेळात सुटतं, मग अडचण कसली?’ नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी दिलेल्या अंतर्बिंदू पद्धतीनंतर नेस्टेरोव्ह आणि नेमिरोव्स्की यांनी तो विचार इथवर आणला, हे खरं. पण कोटी ४ ला १० चलं असतील तर मॅट्रिक्स ६६×६६ ची होते आणि १०० चलांना ५१५१×५१५१ ची. शिवाय सॉल्व्हर दशांशात मोजतो. वरच्या उदाहरणात ट १ ऐवजी ०.९९९९९९९ आला, तर निश्चयक किंचित ऋण होतो आणि पुरावा कोसळतो. ३ ऐवजी ३.००१ घ्या, म्हणजे −३.००१ एवढीच मर्यादा मागा. ट भोवती थोडी जागा मोकळी होते आणि परिमेय संख्यांत पक्का पुरावा लिहिता येतो. सॉल्व्हरने ‘ऑप्टिमल’ म्हटलं, एवढ्यावर प्रबंधात प्रमेय लिहू नये.

आणि मूळ अटी सैल करून एसडीपीत मांडलेला, म्हणजे शिथिल केलेला प्रश्न हा ढोबळ अंदाजच, असंही नाही. मॅक्स-कटसाठी (आलेखाचे बिंदू दोन गटांत असे वाटायचे, की गटांमधल्या कडा जास्तीत जास्त होतील) गोमन्स आणि विल्यमसन यांनी १९९५ मध्ये एसडीपीतून सर्वोत्तम उत्तराच्या किमान ०.८७८ पट हमी दिली. त्याआधीची हमी निम्म्याच्या आसपास रेंगाळत होती. इचलकरंजीच्या सुभाष खोत यांनी २००२ मध्ये ‘युनिक गेम्स’ अटकळ मांडली. ती खरी ठरली, तर (P ≠ NP धरून) पॉलिनोमियल वेळात ०.८७८ च्या या आकड्यापुढे कोणत्याच पद्धतीला जाता येणार नाही, हे खोत, किंडलर, मोसेल आणि ओडॉनेल यांनी सिद्ध केलं आहे.