पुण्य कुणाचं, पैसा कुणाचा?

परवा माझा भाचा आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, क्रिप्टोत थोडे पैसे घाल. काही एक्सचेंज आपल्या कमिशनमधला वाटा धर्मादाय कामांना देतात. पैसेही वाढतील अन् पुण्यही मिळेल!"

मैत्रिणींनो, पुण्य म्हटलं की आपण बायका लगेच विरघळतो. मीही विरघळले. पण पोळ्या लाटता लाटता मनात हिशेब सुरू झाला.

क्रिप्टो म्हणजे संगणकावरचं चलन. त्याच्या खरेदी-विक्रीचा बाजार चालवणारी कंपनी म्हणजे एक्सचेंज. दर व्यवहाराला ती दलाली घेते. समजा, हजाराला एक रुपया दलाली आहे. तुम्ही दहा हजारांची खरेदी केलीत की दलाली झाली दहा रुपये. त्यातला एक टक्का दानाला, म्हणजे दहा पैसे! शंभर रुपये दान व्हायला एक कोटीची उलाढाल हवी, अन् तोवर दलालीत आपले दहा हजार गेलेले असतात. त्यापेक्षा शंभराची नोट सरळ हातावर ठेवलेली काय वाईट?

बरं, देणारा तरी कसा आहे? एफटीएक्स नावाचं एक मोठं एक्सचेंज होतं, बहामा बेटांवरून चालणारं. दलालीच्या निव्वळ उत्पन्नातला एक टक्का दान करू, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मालक सॅम बँकमन-फ्रीड याची दानशूर म्हणून केवढी वाहवा झाली! अन् नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लोकांनी विश्वासानं ठेवलेले पैसे त्याच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवले होते. सुमारे आठशे कोटी डॉलरचा खड्डा निघाला. मार्च २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. पुढं बऱ्याच जणांना पैसे परत मिळू लागले, पण २०२२ च्या पडलेल्या भावानं.

सगळ्यात वाईट वाटलं ते दान घेणाऱ्यांचं. इफेक्टिव्ह व्हेंचर्ससारख्या संस्थेला मिळालेल्या देणग्या परत कराव्या लागल्या. आपल्या भिशीचे पैसे सांभाळणारीनं त्यातूनच देवळाला घंटा द्यावी, तसाच हा प्रकार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?

म्हणजे या क्षेत्रातले सगळेच लबाड, असं मात्र नाही हं. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या लाटेत, इथेरियमच्या विटालिक ब्युटेरिन यानं भारतातल्या मदतनिधीला मोठी क्रिप्टो-देणगी दिली होती. पण ती थेट देणगी होती. आपल्याला सौदे करायला लावून त्या दलालीतून काढलेली नव्हती.

तेव्हा मी एक साधा नियम केलाय. गुंतवणूक वेगळी, दान वेगळं. गुंतवणूक करताना जोखीम बघायची. क्रिप्टोत ती फार, शिवाय नफ्यावर तीस टक्के कर, अन् एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. दान करताना संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारायची, पावती घ्यायची, अन् जमलं तर स्वतः जाऊन काम बघून यायचं.

भाच्यालाही हेच सांगितलं. "मावशी, तू हिशेबाला पक्की आहेस," म्हणाला. घर चालवणारीला व्हावंच लागतं, नाही का?

बघा, तुम्हाला पटतंय का!