दिवसाची झोप आणि गळ्यातली ग्रंथी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये १८९१ साली जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईवर उपचार सुरू केले. तिचं बोलणं मंदावलं होतं, चेहरा आणि हात सुजले होते, थंडी सोसवत नव्हती, हालचाल नकोशी झाली होती. मरेने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क तिच्या कातडीखाली टोचला. काही महिन्यांत सूज उतरली, बोलण्या-चालण्यात जीव आला. पुढे हाच अर्क पोटातून घेत ती आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेने नंतर छापून ठेवला.

आता मेंढ्यांची गरज उरलेली नाही. लिव्होथायरॉक्सिनची बारीक गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते आणि ती लागणारी माणसंही थोडीथोडकी नाहीत. मुंबई आणि गोव्यासह देशात आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड मंदावलेली आढळली. त्यातल्या कित्येकांना घरच्यांनी आधी आळशीच ठरवलेलं असतं. भरदुपारी पेंगणाऱ्या सुनेला बोल लावणं सोपं, तिचं रक्त तपासायला नेणं तेवढं सुचत नाही.

थायरॉइडचं हार्मोन थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे हार्मोन वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावू पाहते. त्यामुळे रिपोर्टवर टीएसएचचा आकडा चढलेला असला, तर बहुतेक वेळा थायरॉइड मंद असते. अनेकांचा समज नेमका उलटा असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. उठल्या उठल्या कप लागणाऱ्या घरात हा नियम हमखास मोडतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांब ठेवाव्या लागतात, कारण त्या हे औषध आतड्यातच अडवतात. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात.

पण आकडा जागेवर आला आणि तरीही डोळ्यांवर झापड राहिली तर?

इथेच बहुतेकांची चौकशी थांबते आणि ती थांबू नये. थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, पण आडवं झाल्यावर झोप लागेलच असं नाही. झोपाळलेला माणूस बसल्या जागी झोपतो. हा फरक जोखण्यासाठी मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, कुणाशी बोलत असताना, सिग्नलला गाडी थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली की झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजतात. जेवणानंतरची वामकुक्षी एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही. दुपारी शरीराचं घड्याळच थोडं सुस्तावतं.

थायरॉइड मंदावली की जीभ आणि घशातला भाग सुजू शकतो, श्वासाची वाट उघडी ठेवणारे स्नायू ढिले पडतात. रात्री ती वाट मिटते, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. ही जाग इतकी निसटती असते की सकाळी आठवतही नाही. आजार तीव्र असेल तर एका रात्रीत असं शेकडो वेळा होतं. हा स्लीप अ‍ॅप्निया. थायरॉइडच्या गोळीने तो कधी सुधारतो, पण वजन किंवा जबड्याची ठेवण हे कारण असेल तर गोळी चालू असतानाही तसाच राहतो.

बायकांच्या बाबतीत प्रोजेस्टेरॉनचाही यात हात आहे. हे हार्मोन श्वासाला चालना देतं आणि झोपही आणतं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत सतत डोळे मिटतात ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. पाळी गेल्यावर ते ओसरतं आणि अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं. पुष्कळ बायका डॉक्टरांना घोरण्याबद्दल काही सांगत नाहीत. त्या सांगतात डोकेदुखी, तुटक झोप, थकवा, आणि निदान लांबतं.

कॉलेजातला मुलगा वर्गात रोजच झोपत असेल तर कारण निराळंही असू शकतं: नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणारा मेंदूचा आजार. स्टॅनफर्डमध्ये सांभाळलेले, हाच आजार असलेले काही डॉबरमन कुत्रे आवडीचं खाणं समोर येताच आनंदाने लुळे पडून कोसळत. ओरेक्सिन या मेंदूतल्या द्रव्याचा संदेश त्यांच्या पेशींना घेताच येत नव्हता, हे १९९९ साली कळलं. पुढच्याच वर्षी नार्कोलेप्सीच्या बहुतेक रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ओरेक्सिन जवळपास नसल्याचं दिसलं. नेहमीच्या रक्ततपासणीत यातलं काही सापडत नाही.

डॉक्टरांकडे जाताना रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्यावं. श्वास थांबतो का, हे त्यालाच ठाऊक असतं. गरज वाटली तर डॉक्टर स्लीप स्टडी सांगतात. त्यात रात्रभर श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके नोंदले जातात. अ‍ॅप्निया निघाला तर नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र मिळतं. निदान होईपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.